अहवालाचं दुसरं पान

सोमवार, नऊ एप्रिल २०१२. सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी केरबा मगदूम माझ्या टेबलासमोर बसले. उजवा हात त्यांनी टेबलावर ठेवला, डावा मांडीखाली सारला, आणि मी नाव विचारायच्या आधीच म्हणाले, "मेव्हण्यानं भाजलं मला. पहिलं ते ल्ह्या."

"आधी नाव सांगा."

"केरबा आण्णू मगदूम. गुळव्या."

"वय?"

"असंल पन्नाशी." त्यांनी मागं बघितलं. दाराजवळच्या बाकावर बसलेली त्यांची बायको म्हणाली, "अठ्ठेचाळीस."

मी तेव्हा कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, धर्मादाय दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होते. भाजलेले पेशंट वर्षाला पंधरा-वीस यायचे. बहुतेक स्टोव्हचे, गॅसचे, एखादा फटाक्याचा. गुऱ्हाळावरचा हा पहिलाच.

मनगटाच्या पुढच्या बाजूला आणि तिथून वर चार बोटं, अशी त्यांची कातडी गेली होती. शहरातल्या इस्पितळात मांडीची कातडी काढून तिथं लावली होती. ती धरली होती, पण आक्रसून तिचा एक जाड पट्टा झाला होता आणि त्या पट्ट्यानं मनगट आत ओढून धरलं होतं. सोबतच्या कागदावर सर्जननं लिहिलं होतं : भाजल्यानंतरचा कार्पल टनेल सिंड्रोम, उजवा. व्यायाम, स्प्लिंट, व्रणाचा मसाज. तीन महिन्यांनी ऑपरेशनचं ठरवू.

मनगटात एक अरुंद बोगदा असतो. बोटं मिटवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एक नस त्यातून जाते. सुजेनं किंवा व्रणाच्या ताणानं बोगदा आवळला की नस दबते आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होतं. हे मी मगदुमांना हाताचं चित्र दाखवून सांगितलं. ते चित्राकडे न बघता माझ्याकडे बघत राहिले.

"हीच तीन?"

"हीच. अनामिकेची एक बाजूही."

"आमची रोजीरोटी ह्याच तिनावर हाय, म्याडम."

ते कसं, ते मला त्यांच्या बायकोनं, मालनबाईंनी सांगितलं. काहिलीत उसाचा रस आटतो. गुळाचा पाक कधी झाला हे ठरवतो गुळव्या. थर्मामीटर नसतो. बोटं थंड पाण्यात बुडवायची, पाकाचा थेंब चिमटीत उचलायचा, लगेच पुन्हा पाण्यात, आणि त्याची गोळी वळून बघायची. गोळी मऊ लागली तर थांबायचं. कडक लागली म्हणजे उशीर झाला. एका आदणाचा, म्हणजे एका काहिलीभर रसाचा, सगळा गूळ त्या एका चिमटीवर ठरतो.

"आणि भाजलं कसं?"

"गोळी झाली," मगदूम म्हणाले. "मी म्हणलं, उतरा. काहिलीला चार कड्या असत्यात. चौघं धरत्यात. गुळव्यानं 'हां' म्हणल्याबिगार कुणी जोर द्यायचा न्हाई, आमच्यात तसंच हाय. लगमाण्णा माझ्या समोरच्या कडीला. मी 'हां' म्हणायच्या आदीच त्यानं उचलली. माझ्या हातातनं कडी हिसकली आन काहील माझ्या अंगावर आली."

"चुकून झालं असेल."

"चुकून? आदल्या आठवड्यात चार माणसांत म्हणाला, दाजींना गोळी कळंना झालीया, तीन आदणं घालवली. का म्हणाला? त्याला व्हायचंय गुळव्या. चुलीत चिपाडं सारून कटाळलाय."

लगमाण्णा म्हणजे मालनबाईंचा धाकटा भाऊ. हे मगदुमांनी सांगितलं तेव्हा मी मालनबाईंकडे बघितलं. त्या नवऱ्याच्या शर्टाच्या बाहीची घडी नीट करत होत्या.

पोलिसांत फिर्याद झाली होती. लगमाण्णा अकरा दिवस आत राहून जामिनावर सुटला होता. त्या हंगामात त्याला पुन्हा कुठल्याही गुऱ्हाळावर कुणी बोलावलं नव्हतं. जो माणूस 'हां'च्या आधी कडी उचलतो त्याच्यासमोर उभं राहायला दुसरं कोण तयार होणार?

* * *

उपचार आठवड्यातून तीनदा ठरले. आधी खोबरेल तेलानं व्रणाचा मसाज, कातडीखाली अंगठा फिरवून पट्टा सुटा करायचा. मग मनगट मागं ताणायचं. मग बोटांचे व्यायाम: सरळ, आकडा, मूठ, पुन्हा सरळ. दोऱ्या आणि नस बोगद्यात सरकती राहावी म्हणून. घरी रात्री मनगट सरळ धरणारा स्प्लिंट. मगदूम शिस्तीचे होते. एकही दिवस चुकले नाहीत, आणि दुखलं तरी ओरडले नाहीत.

"ते गरम मेणाचं भांडं हाय की तिकडं," एकदा त्यांनी विचारलं. "त्या म्हातारीला बुडवायला देता, मला का न्हाई?"

"तिला चटका कळतो. तुम्हाला कळत नाही."

"कळतोय की."

"तीन बोटांत?"

"समद्या बोटांत."

इथून मला शंका यायला सुरुवात झाली.

सर्जननं उजव्या हाताच्या नसेची विजेवरची तपासणी करून घेतली होती. कागद स्पष्ट होता : नस मनगटापाशी जवळपास बंद. असा माणूस बोटांत पेन धरताना चाचपडतो. पण मी डोळे मिटायला सांगून नायलॉनचा बारीक तंतू टोचला की मगदूम बरोबर सांगायचे. अंगठा. मधलं. आता अंगठाच. दहापैकी आठ, नऊ. पुढच्या वेळी दहापैकी तीन. त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा नऊ.

ताटलीत वस्तू ठेवून चिमटीनं उचलून ओळखायची एक चाचणी असते. किल्ली, बटण, शेंगदाणा, खिळा. मी एक गुळाचा खडाही ठेवला होता.

"गूळ," मगदूम लगेच म्हणाले. "आन चिकी गूळ हाय. भेसळ. कुठनं आणलासा?"

"वासावर नाही सांगायचं. बोटांवर."

"चाळीस वर्सं गुळात गेली. नाक काय काढून ठिवू?"

मालनबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसले. पण त्या दिवशी खिळा आणि शेंगदाणा त्यांनी न अडखळता ओळखले, आणि मी घरी गेल्यावर त्यावर बराच वेळ विचार केला. पोलीस केस असलेले पेशंट मी पाहिले होते. ते आहे त्यापेक्षा जास्त दुखतंय असं सांगतात. हात वर जात नाही म्हणतात आणि दाराबाहेर गेल्यावर त्याच हातानं केस विंचरतात. हा माणूस उलटं करत होता. लगमाण्णानं हात निकामी केला अशी फिर्याद द्यायची, आणि माझ्यासमोर हात ठणठणीत आहे म्हणायचं. दोन्हीतलं एक तरी खोटं होतं.

"दसऱ्याला मुहूर्ताचं आदण लावायचंय मला," ते म्हणायचे. "तवर फिट असं ल्हून द्या."

"फिट असाल तर देईन."

"हायच की."

एकदा मालनबाई बाकावरून म्हणाल्या, "म्याडम, त्यांचा डावाबी बघा की जरा."

"डाव्याला काय झालं?"

"काय न्हाई त्याला," मगदूम म्हणाले. "गप बस गं."

मी डावा बघितला नाही. डावा भाजला नव्हता. माझ्या कागदावर 'उजवा' लिहिलेलं होतं. पंचवीस मिनिटांची वेळ होती आणि बाहेर चौघं बसले होते. चूक माझी होती आणि ती साधी होती.

* * *

मेच्या मध्यावर एका दुपारी, दवाखाना बंद करायच्या सुमारास, एक उंच, खांदे पडलेला माणूस दारात उभा राहिला. चपला त्यानं बाहेर काढल्या होत्या.

"शिरगावे म्याडम?"

"बोला."

"मी लगमाण्णा खोत."

मी खुर्चीवरून उठले. भीती वाटली असं नाही. पण टेबल दोघांच्या मध्ये राहील अशी उभी राहिले, हे खरं.

"पेशंटबद्दल मी काही सांगू शकत नाही."

"सांगू नका. एवढंच इचारतो, दाजींचा हात बरा हुणार का?"

"तुम्हाला का हवंय?"

"माझ्या भैणीचं घर हाय ते."

मी त्याच्या हातांकडे बघत होते. दोन्ही हात, दंड, गळा, सगळं स्वच्छ. जळणानं काळवंडलेले पंजे, पण भाजल्याची एकही खूण नाही.

"तुमच्या अंगावर थेंबही उडाला नाही?"

"काहील तिकडं कलंडली. पाक तिकडंच जाणार की."

"तुम्ही आधी उचललीत म्हणून तिकडं कलंडली."

"त्यांनी सोडली म्हणून कलंडली," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "ते 'हां' म्हणले, मी उचलली, त्यांनी सोडली. बाकीच्या दोघांनी 'हां' ऐकलं. पण आता ते म्हणत्यात, ध्यान न्हाई. दाजींचं गुऱ्हाळात वजन हाय. माझं काय हाय?"

"त्यांनी का सोडावी? स्वतःच्या अंगावर?"

त्यानं बाहेरच्या चपलांत पाय घातले. पढवून आलेलं बोलणं तिथपर्यंतच होतं, असं मी तेव्हा मनात धरलं. तो गेल्यावर मी कागदावर दोन गोल काढले, चार रेघा काढल्या. समोरच्यानं आधी उचलली तरी काहील मगदुमांकडे झुकते. मगदुमांनी सोडली तरी मगदुमांकडेच झुकते. भाजल्याच्या जागेवरून काहीच कळणार नव्हतं.

* * *

मंगळवार, बारा जून. सकाळी अकराचा सुमार. मी खोक्याच्या पुठ्ठ्याचा एक आडोसा तयार करून आणला होता. खाली हात जाईल एवढी फट ठेवली होती आणि फटीला जाड टॉवेल शिवला होता. डोळे मिटा असं सांगायची गरज नको म्हणून.

"हे काय आणि?" मगदूम म्हणाले.

"नवीन पद्धत."

"शाळंत कॉपी धरत्यात तसं?"

"तसंच."

त्यांनी उजवा हात आत घातला. दहा वेळा तंतू टोचला. अंगठा, तर्जनी, मधलं बोट मिळून एकदाही बरोबर आलं नाही. करंगळी दर वेळी बरोबर आली. म्हणजे दोन महिने ते पापण्यांच्या फटीतून बघत होते. मला राग आला नाही. शंका खरी निघाल्याचं एक कोरडं समाधान वाटलं, आणि मग ठरलेल्या पद्धतीनं, तुलनेसाठी, म्हणाले, "आता डावा."

"डाव्याचं काय काम?"

"चांगल्या हाताशी ताडून बघायचं असतं."

"मागं न्हाई बघितलं कधी."

"चुकलंच माझं. द्या."

त्यांनी मालनबाईंकडे बघितलं. मालनबाई भिंतीवरच्या हाताच्या चित्राकडे बघत होत्या. मग मगदुमांनी डावा हात मांडीखालून काढला. त्या क्षणी मला कळलं की दोन महिन्यांत तो हात मी टेबलावर कधी पाहिलाच नव्हता.

करंगळी बरोबर. अनामिका अर्धी. मधलं बोट, तर्जनी, अंगठा : काही नाही. दहापैकी शून्य. पुन्हा दहा. शून्य.

आडोसा बाजूला करून मी त्यांचा तळवा उजेडात धरला. अंगठ्याच्या बुडाशी मांसाचा जो उंचवटा असतो, तो बसला होता. तिथं खळगा होता. असं दोन-चार महिन्यांत होत नाही. स्नायू इतका वाळायला वर्ष, दोन वर्षं नस दबलेली राहावी लागते. उजव्या हातालाही ते असणार होतं, पण तिथं सूज आणि व्रण होता, आणि भाजण्याच्या आधीचं आणि नंतरचं वेगळं करणं कुणालाच शक्य नव्हतं. डावा मात्र भाजलेलाच नव्हता.

"कधीपासून आहे हे?"

"भाजल्यापासनं."

"हा भाजलेला नाही."

"काहिलीत थोरला फावडा मारून मारून हुतंय तसं. जातंय आपोआप. बाप बी हात झाडत बसायचा रातचं."

"मगदूम, गोळी कळायची बंद कधी झाली?"

त्यांनी हात मागं ओढला.

मी हात पुन्हा आडोशाआड घेतला. डाव्या अंगठ्यात आणि दोन बोटांत एक पेन्सिल दिली. "घट्ट धरा. मी सांगेपर्यंत सोडू नका." खाली टॉवेलची घडी होती. मी एक, दोन, तीन असे आकडे मोजत राहिले. बाराच्या पुढं बोटं हळूहळू सैल झाली. पेन्सिल घसरली आणि टॉवेलवर पडली. आवाज झाला नाही.

"हातात काय आहे?"

"पेन्सिल की."

"नक्की?"

"धरलीया की घट्ट. तुमीच दिलासा."

मी आडोसा उचलला. त्यांची बोटं अजून पेन्सिल धरल्यासारखीच होती. पेन्सिल खाली होती. मगदूम तिच्याकडे बघत राहिले. मग बोटांकडे. मग पुन्हा पेन्सिलीकडे. त्यांनी अंगठा दोन बोटांवर घासून बघितला, पाकाची गोळी वळतात तसा.

त्यांना तो खरोखर धक्का होता, की ज्याची भीती होती ते माझ्यासमोर उघडं पडल्याची ती लाज होती, हे मी बारा वर्षांत ठरवू शकलेले नाही. बोटं बधिर आहेत हे त्यांना माहीत होतं. ते लपवायला ते फटीतून बघत होते. पण बधिर असणं आणि हातातून वस्तू सुटली तरी न कळणं, यात अंतर आहे. हेही सांगायला हवं की पेन्सिल म्हणजे काहिलीची कडी नव्हे. कडी पूर्ण मुठीत धरतात, करंगळीही तिच्यावर असते. एवढ्या चाचणीवरून कुणी काय सोडलं, असं लिहिता येत नाही.

"त्यानंच उचलली आदी," मगदूम म्हणाले. "आयशप्पत सांगतो."

"मी काही विचारलं नाही."

"ल्हिणार हाय का तुमी हे?"

"चाचणी केली की लिहावंच लागतं."

"आवो, गुळव्याची बोटं गेली म्हणलं तर मला काहिलीजवळ कोण हुबं करंल?" ते उठले. "सगळ्या तालुक्यात म्हणतील, केरबाला गोळी कळत न्हाई. त्यो म्हणला तेच म्हणतील."

त्यांना चपलेत पाय घालताना वेळ लागला. मालनबाई वाकल्या, तेव्हा मगदुमांनी त्यांना हातानं बाजूला सारलं.

* * *

शुक्रवारी हवालदार पोवार अहवाल न्यायला आले. पोलीस ठाण्याच्या पत्रात प्रश्न एकच होता : फिर्यादीच्या उजव्या हाताची सद्यःस्थिती आणि कायम अपंगत्वाची शक्यता. मी दोन पानं दिली. पहिल्यावर उजवा हात. दुसऱ्यावर डावा : तीन बोटांची संवेदना नाही, अंगठ्याचा स्नायू वाळलेला, आजार दोन्ही हातांना असून डाव्याचा भाजण्याशी संबंध नाही आणि तो त्याआधीचा असावा.

पोवारांनी उभ्या उभ्या वाचलं. "म्याडम, डाव्याचं आम्ही विचारलंच न्हाई."

"मी तपासला."

"पण विचारलं न्हाई ना."

"मग कोर्ट वाचेल आणि सोडून देईल."

"कोर्टाला तुमी कशाला कामाला लावताय?" ते हसत म्हणाले. "बरं, द्या. सही करा दोन्हीवर."

सही केली. शिक्का मारला. पोचपावतीवर त्यांनी 'अहवाल मिळाला' असं लिहिलं. किती पानं, ते लिहिलं नाही, आणि मी लिहायला लावलं नाही.

सोमवार, अठरा जून. मगदुमांची वेळ दहाची होती. मालनबाई एकट्याच आल्या. बाकावर न बसता माझ्या समोरच्या खुर्चीत, नवऱ्याच्या जागी बसल्या.

"ते न्हाई येणार आता."

"मनगट अर्धं सुटलंय. आता सोडलं तर पुन्हा आवळेल. दोन्ही हातांचं ऑपरेशन वेळेवर झालं तर बोटं थोडी तरी परत येतील."

"सांगितलं. ऐकत न्हाईत." त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "शर्टाची बटनं मी लावतिया. दोन सालं झाली."

"भाजायच्या आधीपासून?"

"लई आदीपासनं. पयल्यांदा म्हणले, बटनाची काजं बारीक हायत. मी काजं मोठी केली. मग म्हणले, तूच लाव."

"मग त्या दिवशी तुम्ही मला डावा बघा म्हणालात…"

"तुमी बघितला न्हाई."

त्यात तक्रार नव्हती. वार सांगावा तसं त्या बोलल्या. पण मला अचानक त्यांचंच भय वाटलं. या बाईनं फिर्याद लिहून घेताना ठाण्यात नवऱ्याशेजारी बसून ऐकली होती. भाऊ अकरा दिवस आत असताना ती घरी बटणं लावत होती. आणि दोन महिने, आठवड्यातून तीनदा, ती माझ्या दारातल्या बाकावर वाट बघत बसली होती. नवऱ्याच्या हाताची नव्हे, तो डावा हात माझ्या नजरेला पडायची.

"तुम्ही स्वतः का नाही सांगितलंत? पोलिसांना?"

"मी सांगितलं तर त्या घरात कुठल्या तोंडानं भाकरी थापू? कागदानं सांगितलं तर कागदाला कोण काय म्हणतंय?" त्यांनी टेबलावरचा माझा पेन सरळ केला. "ल्हिलासा का?"

पेशंटचा अहवाल दुसऱ्याला सांगायचा नसतो. मला ते माहीत होतं.

"दुसऱ्या पानावर लिहिलंय," मी म्हणाले.

"सगळं?"

"जेवढं दिसलं तेवढं. कडी कुणी सोडली ते मला दिसलेलं नाही."

"एवढं बास," त्या म्हणाल्या आणि उठल्या. "आता माझा लगमाण्णा सुटंल."

चार दिवसांनी स्प्लिंट परत आला. धुऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून, कुणीतरी शिपायाजवळ देऊन गेलं होतं. त्या वर्षी मुहूर्ताचं आदण दुसऱ्या गावच्या गुळव्यानं लावलं, असं कानावर आलं. लगमाण्णा राज्याच्या सीमेपलीकडं एका गुऱ्हाळावर गेल्याचं ऐकलं, चुलीवरच्याच कामाला. पुढच्या वर्षी मी ते गाव सोडलं.

* * *

यंदा एकोणीस जूनला, बुधवारी, सांगलीतल्या माझ्या क्लिनिकमध्ये कोर्टाचं समन्स आलं. आरोपी लगमाण्णा खोत. बचावाची साक्षीदार म्हणून मी. बारा वर्षं खटला चालूच होता. खाली वकिलांचा नंबर होता. मी फोन केला.

"तुमच्या अहवालाचं एकच पान रेकॉर्डवर आहे," उपाध्ये वकील म्हणाले. "उजव्या हाताचं. दुसरं पान आहे ना?"

"मी दोन दिली होती. सही-शिक्क्यानिशी."

"तुमच्याकडे प्रत?"

"दवाखान्याच्या फायलीत होती. समन्स आल्यावर मी तिथं विचारून बघितलं. दहा वर्षांपूर्वीचे कागद त्यांनी काढून टाकलेत."

"म्हणजे तुमचं बोलणं, एवढंच." त्यांनी काहीतरी लिहून घेतल्यासारखं वाटलं. "सरकारी वकील विचारतील, बारा वर्षांपूर्वीचा एका पेशंटचा डावा हात तुम्हाला आठवतो कसा?"

"आठवतो."

ते पान फायलीतून कुठं गेलं, वाटेत पडलं की काढलं, हे मला माहीत नाही. पण मला दुसरंच विचारायचं होतं.

"दुसरं पान होतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"अशिलानं."

"आणि त्याला?"

"तेवढं तो सांगत नाही. गेल्याच वर्षी सांगत आला. तोवर त्यालाही माहीत नव्हतं."

हवालदार पोवार सोडले, तर त्या पानाबद्दल मी आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं होतं. त्या माणसानं ते अकरा वर्षं भावालाही सांगितलं नव्हतं. कागद आपोआप बोलेल, म्हणून वाट बघितली असावी. किंवा आणखी काही असेल. मी तर्क करणार नाही.

"मगदूम?" मी विचारलं.

"फिर्यादी आहेत. त्यांचा जबाब झालाय. शब्द न् शब्द पहिल्यासारखाच. सही करता येत नाही, अंगठा देतात." पलीकडं कागद उलटल्याचा आवाज आला. "बचावाच्या साक्षीदार दोनच आहेत. एक तुम्ही. दुसऱ्या मालन केरबा मगदूम."

"त्या तयार आहेत?"

"अशील म्हणतो, आहेत. मला अजून भेटलेल्या नाहीत."

सुनावणी सोमवारी, बावीस जुलैला, अकरा वाजता आहे. मी जाणार आहे. मालनबाईंचं समन्स अजून बजावून झालेलं नाही. शिपाई दोनदा घरी जाऊन आला, दोन्ही वेळा दाराला कुलूप होतं. आज, सहा जुलैला, तो तिसऱ्यांदा गेला. उपाध्यांचा आत्ताच फोन आला होता. दार उघडं होतं. मगदूम शर्टाची बटणं न लावता ओट्यावर बसले होते. बायको कुठं गेली, ते त्यांनी सांगितलं नाही.